लहान चित्रात न मावलेली भेग

आमच्या ऑफिसात माणिक तळवडेकरला लोक थोडे टाळायचे. ती भांडखोर नव्हती, उलट कमीच बोलायची. पण ती कुणाच्या टेबलाशी येऊन उभी राहिली की त्याच्या कामात काहीतरी चुकलंय हे ठरलेलं. ती टेस्टर होती. अंधेरीला एमआयडीसीत एका जुन्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस आहे. तिथे मी सॉफ्टवेअरबरोबर जाणारी मदतीची पानं लिहिते, म्हणजे कुठलं बटण दाबलं की काय होतं ते. माझं टेबल माणिकच्या शेजारी, त्यामुळे पुढे जे झालं ते बहुतेक सगळं मी जवळून पाहिलं.

माणिक नाहूरला आईबरोबर राहायची. माणसं मूळची मालवणकडची. वडील परळच्या गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर कांजूरच्या एका कारखान्याच्या गेटवर बसले आणि तिथेच म्हातारे झाले. माणिक बीएस्सी झाली, एका फोटो लॅबमध्ये जुने फोटो स्कॅन करायच्या कामाला लागली, तिथून कंपनीत आली. प्रोग्रॅमिंग पस्तिशीत शिकली, घरी, आईची सिरियल चालू असताना. लग्नाचं कुणी विचारलं तर "राहून गेलं" एवढंच म्हणायची आणि डबा उघडायची.

आमचं सॉफ्टवेअर वापरायची एक सल्लागार कंपनी. इमारती, पाण्याच्या टाक्या, डोंगराच्या पायथ्याच्या संरक्षक भिंती तपासणं हा त्यांचा धंदा. त्यांची पोरं जागेवर जाऊन शेकडो फोटो काढायची आणि आमच्या सर्व्हरवर चढवायची. हे फोटो प्रचंड मोठे. मग सर्व्हर प्रत्येक फोटोचं एक छोटं रूप बनवायचा, थंबनेल. घाटकोपरच्या ऑफिसात बसलेले त्यांचे मुख्य इंजिनिअर श्यामसुंदर लेले ही छोटी चित्रं स्क्रीनवर ओळीने बघायचे. जिथे शंका येईल तो फोटो मोठा करायचे, बाकीचे पुढे सरकवायचे. शेवटी भिंतीवर शेरा: दुरुस्ती हवी, तातडीची दुरुस्ती हवी, किंवा तूर्त धोका नाही.

थंबनेल नीट बनतायत का हे तपासणारी यंत्रणा माणिकने उभी केली होती. कुणीही कोडमध्ये बदल केला की तिचा प्रोग्रॅम आपोआप चालायचा. ठेवणीतले मोठे फोटो घ्यायचा, त्यांची छोटी चित्रं बनवून घ्यायचा आणि आधी तपासून ठेवलेल्या बरोबर चित्रांशी ताडून बघायचा. दोन कॉम्प्युटरांवर एकच चित्र अगदी तंतोतंत सारखं उतरत नाही, रंगात बारीकसा फरक पडतोच. म्हणून तिने थोडा फरक माफ केला होता. फरक त्या मर्यादेत असेल तर हिरवी खूण, बाहेर गेला तर लाल.

जानेवारीत सल्लागार कंपनीने तक्रार केली की पानं उघडायला फार वेळ लागतो. आमचा टीम लीड निहार, हुशार मुलगा, माणिकपेक्षा बराच लहान. त्याने चित्र लहान करायची पद्धतच बदलली. काम झकास वेगात व्हायला लागलं. माणिकच्या सगळ्या टेस्ट हिरव्या आल्या. नवं सॉफ्टवेअर गेलं, आणि कंपनीकडून आभाराचा मेलसुद्धा आला.

मार्चमध्ये एका दुपारी माणिक ठेवणीत टाकायला नवे फोटो निवडत होती. मी जेवून परत येत होते.

"निधी, इकडे ये गं," ती म्हणाली. "हे दोन्ही एकच फोटो आहेत ना?"

डावीकडे मोठा फोटो होता. काळ्या दगडांची उंच भिंत, आणि तिच्यात वरच्या कडेपासून जवळजवळ सरळ खाली उतरलेली एक बारीक काळी भेग. उजवीकडे त्याच भिंतीचं थंबनेल. तेच दगड, कोपऱ्यातलं तेच पिंपळाचं रोप. भेग नव्हती.

मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. नव्हतीच.

माणिकने आणखी फोटो उघडले. एका टाकीवरची तिरकी भेग छोट्या चित्रात चार-दोन ठिपके होऊन उरली होती, धूळ बसल्यासारखी. एका खांबावरची दिसत होती, पण अर्धीच. मला समजेल असं तिने सांगितलं. जुनी पद्धत शेजारशेजारच्या ठिपक्यांची सरासरी काढून एक ठिपका करायची, त्यामुळे बारीक रेष फिकी व्हायची पण राहायची. निहारची पद्धत ठरावीक अंतरावरचा एकेक ठिपका उचलायची आणि मधले सरळ टाकून द्यायची. रेष त्या मधल्या ठिपक्यांत सापडली की गेली.

"पण मग तुझ्या टेस्ट?" मी विचारलं.

"टेस्ट अख्ख्या चित्रातला फरक मोजते. एवढ्या मोठ्या भिंतीत भेग असते केवढीशी? ती गेली तरी आकडा मर्यादेतच." मग ती म्हणाली, "मर्यादा मीच ठरवली होती."

ती उठून निहारकडे गेली. मीही मागे गेले.

"अगं, पण सगळ्या पास आहेत ना?" निहार म्हणाला.

"पास आहेत. तेच सांगतेय तुला."

त्याने दोन्ही चित्रं पाहिली. कान लाल झाले त्याचे. "ओके. फिक्स करतो. पुढच्या रिलीजमध्ये टाकू या."

"आणि आधीच्यांचं काय?"

"आधीच्यांचं म्हणजे?"

"जानेवारीपासून त्यांनी बघितलेल्या भिंती, निहार."

त्याने दोन्ही चित्रं बंद केली. मग म्हणाला, "कस्टमरला सांगायचं तर वर विचारावं लागेल, यार. आपण असं परस्पर नाही करू शकत."

वरून संध्याकाळी उत्तर आलं. वकिलाशी बोलून ठरवू, तोवर कुणीही कस्टमरशी या विषयावर बोलू नये. माणिकने मेल वाचला, फोन उचलला आणि जिन्यात गेली. मलाही खुणेने बोलावलं. बहुधा कुणीतरी साक्षीला असावं असं तिला वाटलं असेल.

तिने लेलेसाहेबांना लावून फोन स्पीकरवर ठेवला. त्यांचा आवाज संथ होता. सगळं ऐकून घेऊन ते म्हणाले, "मी छोट्या चित्रावरून शेरा देत नसतो, बाई. तीस वर्षं हे काम करतोय."

"हो सर. पण कुठलं चित्र मोठं करायचं ते तुम्ही कशावरून ठरवता?"

फोन कट झाला की काय म्हणून माणिकने स्क्रीन बघितली.

"त्या फोटोचा नंबर सांगा," ते म्हणाले. त्यांच्या कीबोर्डचा आवाज आला. "ही मुलुंडची भिंत आहे. नवतरुण चाळीच्या मागची. हिला मी... तूर्त धोका नाही, असं लिहिलंय."

दुसऱ्या दिवशी माणिक, लेलेसाहेब आणि मी, आम्ही तिघं तिथे गेलो. मी मुलुंडलाच राहते, म्हणून रिक्षा कुठे सोडायची ते मला माहीत होतं. चाळ डोंगराला अगदी चिकटून. एका ओळीत सहा-सात खोल्या, मागे हाताच्या अंतरावर ती भिंत, भिंतीच्या वर एका सोसायटीची पाण्याची टाकी. मार्चचं ऊन रणरणत होतं. सगळा डोंगर वाळून पिवळा पडलेला. आणि भिंत ओली होती.

तिच्यावर शेवाळ धरलं होतं. मागचं पाणी निघून जावं म्हणून अशा भिंतीत भोकं ठेवलेली असतात. ती सगळी कोरडी होती, त्यांत चिमण्यांनी काड्या भरल्या होत्या. पाणी येत होतं भेगेतून. बारीक, न थांबता, आवाज न करता.

शेवटच्या खोलीबाहेर एक माणूस त्या पाण्याखाली बादली लावून बसला होता. चंद्रप्रकाश राणे, कांजूरच्या एका गोदामावर रात्रीचा वॉचमन. बायको गावाला, हा इथे एकटा. माणिकच्या बोलण्यातला हेल ऐकून त्याने लगेच गाव विचारलं.

"पाणी चांगलं आहे, ताई," तो म्हणाला. "कढीपत्त्याला घालतो. महिनाभर झाला सुरू होऊन. आधी नुसता ओलावा होता."

"काका, घरात काही फरक वाटतो का?" लेलेसाहेबांनी विचारलं.

"फरक कसला? हां, मागचा दरवाजा लागत नाही. सुताराला दोनदा बोलावला. दोन्ही वेळा रंधा मारून गेला, पुन्हा अडकतो."

लेलेसाहेब आत जाऊन त्या दरवाजाच्या चौकटीकडे बघत राहिले. चौकट वरून आत झुकली होती. बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला होता. भिंतीजवळ जाऊन त्यांनी गाल दगडाला टेकवल्यासारखा करून एका डोळ्याने वरपर्यंत पाहिलं. मग आम्हाला हात केला.

"आधी इथून बाहेर या. बोलू मग." रस्त्यावर आल्यावर ते म्हणाले, "पोट सुटलंय भिंतीला. मधून पुढे फुगलीय."

त्याच संध्याकाळी त्यांनी आपला शेरा मागे घेतला. भिंत ज्या ट्रस्टच्या मालकीची होती त्यांना कळवलं, भिंतीमागे मुरणारं पाणी टाकीचंच असणार म्हणून वरच्या सोसायटीला टाकी रिकामी करायला सांगितलं. चाळीच्या कमिटीवर राजेश नावाचा एक रिक्षावाला होता, तडफदार. त्याने जवळच्या शाळेत धावपळ करून दोन वर्ग मिळवले. पण शाळा सकाळी भरायची. म्हणजे माणसांनी संध्याकाळी अंथरूण घेऊन जायचं आणि पहाटे उठून वर्ग रिकामे करायचे. बायका दिवसभर नातेवाइकांकडे नाहीतर कामावर, पोरं तिथेच शाळेत. ट्रस्टने टेकू लावतो म्हणून सांगितलं. सोसायटीने प्लंबर बोलावला. टाकी बंद केली तर आमच्या लोकांनी प्यायचं काय, असाही निरोप आला.

इकडे ऑफिसात माणिकने नवी टेस्ट लिहिली. ठेवणीतले फोटो बाजूला ठेवून तिने साधी करडी चित्रं बनवली आणि त्यांवर केसासारख्या रेषा ओढल्या. उभ्या, आडव्या, तिरक्या, वाकड्या. टेस्टने एकच बघायचं: चित्र लहान केल्यावर प्रत्येक रेष अजून आहे का? चालू सॉफ्टवेअरवर ती चालवली तेव्हा निहार तिच्या खुर्चीमागे उभा होता. स्क्रीन वरपासून खालपर्यंत लाल होत गेली.

"बाप रे," तो म्हणाला. त्याने त्याच दिवशी, कुणालाही न विचारता, जुनी पद्धत परत बसवली.

त्यानंतर माणिक रोज ऑफिस सुटलं की मुलुंडला उतरायची. भिंतीजवळ जायची नाही, रस्त्यावरून बघायची. मी कधी सोबत असायचे. एकदा आम्ही उभ्या असताना वरून चार खडे घरंगळत पत्र्यावर पडले. टक्, टक्. मग शांत. शेजारच्या गल्लीतलं एक कुत्रं चाळीकडे तोंड करून भुंकत होतं, पण पुढे येत नव्हतं.

दिवस जात होते आणि भिंत उभी होती. लोक वैतागायला लागले. शाळेत डास, संडास लांब, गॅस नाही. एक बाई माणिकला तोंडावर म्हणाली, "ओ ताई, कुठे पडली तुमची भिंत? आमची मात्र वाट लागली." दोन घरं दिवसा परत येऊन स्वयंपाक करायला लागली. राजेश त्यांच्याशी भांडला. टेकूचे लोखंडी खांब आले, पण लावणारी माणसं आली नाहीत.

घरी तिची आई शेवंतीबाई कावली होती. "थंय जावन तू काय करतंस गो? भिंत काय तू धरून ठेवतलंस?"

"बघते नुसती," माणिक म्हणायची.

"आणि तुझ्यावर पडली तर?"

खरा त्रास होता तो चंद्रप्रकाशचा. तो रात्रभर जागा. सकाळी ड्युटीवरून यायचा तेव्हा शाळा भरलेली. बाकीच्यांना रात्रीचा निवारा मिळाला होता. याला दिवसाचा हवा होता, आणि ते कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. कधी देवळाच्या पायरीवर झोपायचा, कधी बागेतल्या बाकावर, तिथून माळी उठवायचा. माणिकच्या ते लक्षात आलं, तेव्हा तिने राजेशला सांगून एका कारखान्यातली मागची खोली बघितली. सोमवारपासून मिळणार होती.

"सोमवारपर्यंत घरात पाऊल टाकू नका, काका," तिने फोनवर दोनदा सांगितलं. मी ऐकत होते.

"नाही टाकत, ताई. तुम्ही काळजी करू नका."

शुक्रवारी सकाळी आमची मीटिंग चालू होती. कस्टमरशी बोलायची परवानगी कुणी दिली, हा विषय. आमचे मोठे साहेब माणिकला विचारत होते आणि ती "मीच ठरवलं" असं सांगत होती. तिचा फोन टेबलावर थरथरत राहिला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा तिने न विचारता उचलला.

राजेशचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला. "ताई, आली खाली. अख्खी आली."

"माणसं?"

"सगळी बाहेर आहेत." मग तो रडायलाच लागला. "राणेकाका आत होते, ताई. त्यांना ताप होता म्हणे. कुणाला कळलंच नाही कधी घरात गेले ते."

माणिकने फोन ठेवला. मोठ्या साहेबांनी पाण्याचा ग्लास तिच्याकडे सरकवला. ती उठून चालायला लागली.

आम्ही पोचलो तोवर गल्ली दोरीने बंद केली होती. खोल्यांच्या जागी दगड आणि लाल चिखल. मार्च महिन्यात एवढा चिखल मी कधी पाहिला नव्हता. वरच्या टाकीचा फुटलेला पाइप हवेत लोंबत होता आणि त्यातून अजून पाणी वाहत होतं. चंद्रप्रकाशला बाहेर काढायला संध्याकाळ झाली. त्याला जिवंत काढता येईल अशी आशा काही जण शेवटपर्यंत धरून होते. लेलेसाहेब दोरीपाशी उभे होते. माणिकला बघून ते म्हणाले, "बाई, मी सही केली होती."

दोन दिवसांनी चंद्रप्रकाशची बायको गावाहून आली. राजेशच्या बहिणीकडे उतरली होती. माणिक तिला भेटायला गेली आणि जाताना मला घेऊन गेली. बाई भिंतीला टेकून बसली होती. माणिकला तिने समोर बसायला सांगितलं.

"तुम्ही त्यांना जाऊ नका म्हणालात ना?"

"हो."

"ऐकायचे नाहीत ते कुणाचं." तिने पदर सारखा केला. "झोपेत गेले ना?"

ते कुणालाच माहीत नव्हतं. चंद्रप्रकाश सापडला तेव्हा मागच्या दरवाजापाशी होता. राजेशने ते आम्हाला सांगितलं होतं.

"हो," माणिक म्हणाली. "झोपेतच."

पुढे चौकशी लागली. ट्रस्ट, सोसायटी, सल्लागार कंपनी आणि आम्ही, सगळ्यांनी एकमेकांकडे बोट दाखवलं. ती अजून चालू आहे. माणिकला नोकरीवरून काढलं नाही. तसं केलं असतं तर बाहेर कसं दिसलं असतं, हे वकिलाने साहेबांना समजावलं असावं. निहार महिनाभर गावी जाऊन आला. आल्यापासून टेस्ट पास झाली असं तो म्हणत नाही, टेस्टला काही सापडलं नाही म्हणतो. माणिक पूर्वीसारखीच वेळेवर येते. फक्त डबा बऱ्याचदा तसाच परत नेते.

जानेवारी ते मार्च या काळात पुढे सरकवलेल्या भिंती आणि टाक्या बऱ्याच आहेत. लेलेसाहेबांनी त्या सगळ्यांचे शेरे मागे घेतलेत. मोठे फोटो पुन्हा तपासलेत, आणि जिथे शंका आहे तिथे स्वतः जाऊन बघतात. सुट्टीच्या दिवशी माणिक त्यांच्याबरोबर जाते. पुष्कळ ठिकाणी काही निघत नाही. काही ठिकाणी निघतं, आणि मग पुन्हा तेच. मालक, टेकू, निरोप.

मागच्या शनिवारी मीही गेले होते. घाटकोपरला, टेकडीच्या कुशीत एक खासगी मैदान आहे, कार्यक्रमांना भाड्याने देतात. मागे लांबच लांब भिंत. गेटवरच्या माणसाने आम्हाला आत सोडलं नाही. लेलेसाहेबांनी ओळख दिली, तेव्हा तो केबिनमध्ये गेला आणि काचेची एक फ्रेम घेऊन आला.

"तुमचाच रिपोर्ट आहे ना साहेब? तूर्त धोका नाही. ही तुमचीच सही."

"तो मी मागे घेतलाय. तसं पत्र पाठवलंय तुमच्या ऑफिसला."

"ते मला माहीत नाही. मला हा इथे लावून ठेवायला सांगितलाय."

गेटच्या जाळीतून आतलं दिसत होतं. मांडववाले बांबू उतरवत होते आणि भिंतीला टेकवून रचत होते. त्या भागात जमीन बाकी मैदानापेक्षा गडद होती, नुकतंच पाणी मारल्यासारखी.

"कसला कार्यक्रम आहे?" माणिकने विचारलं.

"हळद आहे. उद्या. पाचशे माणूस आहे."

लेलेसाहेबांनी मालकाचा नंबर लावला. रिंग वाजत राहिली. माणिक जाळीला दोन्ही हातांनी धरून आत बघत उभी होती, आणि आतला एक मांडववाला आणखी एक बांबू खांद्यावर घेऊन भिंतीकडे चालला होता.